नदी त्या भिंतीपलीकडे

(आई जन्मापासून बहिरी. ती हातांनी बोलते. तिची मुलगी सुतियारी ते वाचते आणि तिच्याशी हातांनीच बोलते. बाली बेटावर, देनपसार शहरातल्या स्टुडिओत कंपनीतर्फे गायिका सुतियारीच्या गाण्यांचा व्हिडिओ काढणाऱ्या विरावानला त्यातलं काही कळत नाही.)

विरावान: मी मघापासून तेच सांगतोय. आईला म्हणावं, तोंड इकडे कर. कॅमेऱ्याला पाठ दाखवून कोण उभं राहतं?

सुतियारी: सांगून झालं, दादा. ती नाही म्हणते.

विरावान: लाजते का?

सुतियारी: आई आणि लाजणार? सकाळी कॅमेऱ्यावर पूजेच्या फुलांचा द्रोण ठेवताना तुमच्या दोन माणसांना तिनं कोपरानं बाजूला केलं.

विरावान: मग तिला अडलंय काय ते तरी विचार.

सुतियारी: आई, हे विचारतायत, तू तिकडे तोंड करून का उभी आहेस?

आई: नदी तिकडे आहे.

सुतियारी: नदी तिकडे आहे, म्हणते.

विरावान: कुठली नदी? तिकडे भिंत आहे, बाई. भिंतीपलीकडे स्कूटर दुरुस्त करणारा, आणि त्याच्यापलीकडे सगळं देनपसार.

सुतियारी: देनपसारपलीकडे डोंगर. डोंगर उतरलं की आमचं गाव, आणि गावाखाली नदी. तिचा हात बरोबर तिकडेच आहे.

विरावान: बरं. पण गाण्यातली नदी ही कुठलीही नदी असते ना?

सुतियारी: तुमच्या भाषेत असेल. आमच्या गावात नदी म्हणायचं तर नदीकडे हात करतात. घर म्हणायचं तर घराकडे. उलट्या बाजूला हात केला तर ते खोटं बोलणं झालं. तिला खोटं बोलायला सांगू का मी?

विरावान: आधी हातांनी गाणं सांगायला आणलेल्या मुलीनं बरं सगळं समोर बघून केलं.

सुतियारी: ती शहरातली हातांची भाषा बोलत होती. चांगली मुलगी. आईनं तिला जेवू घातलं, जाताना केळी बांधून दिली. पण तो व्हिडिओ गावातल्या चौकात लावला तेव्हा बहिऱ्या माणसांनी एकमेकांना काय विचारलं, माहीत आहे? ही डास मारतेय का?

विरावान: मला कुणी सांगितलं नाही हे.

सुतियारी: तुम्ही विचारलं नाहीत. गाडीत बसून सिंगराजा शहरात जेवायला गेलात.

आई: हा पॅन्ट वर ओढणारा इतका वेळ काय बोलतोय?

सुतियारी: काम लवकर उरकू या, म्हणतोय.

विरावान: तिनं आत्ता कमरेपाशी हात नेला, तो काय शब्द आहे? सकाळपासून बघतोय, माझ्याकडे बघून ती सारखं तेच करते.

सुतियारी: ते तुमचं नाव आहे.

विरावान: माझं? काय अर्थ त्याचा?

सुतियारी: साहेब.

विरावान: अस्सं. चांगलं आहे. आता साहेबाचं थोडं ऐक. तुझा अल्बम चालला. भाजीच्या गाडीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत वाजला. म्हणून कंपनीनं त्याची वाढीव व्हिडिओ आवृत्ती काढायची ठरवली. जुन्या गाण्यांना चित्रं, वर दोन नवी गाणी. बाली भाषेतल्या गाण्यांसाठी एवढं कुणी करत नाही, सुती. तू अट घातलीस की प्रत्येक गाणं हातांनीही सांगितलं गेलं पाहिजे. कंपनीच्या मालकीण बाईसाहेबांनी तीही मान्य केली.

सुतियारी: कोपऱ्यातल्या चौकटीत. टपाल तिकिटाएवढ्या.

विरावान: सगळीकडे कोपऱ्यातच असतं ते.

सुतियारी: म्हणून तर कुणी बघत नाही. आमच्या गावात फोनची काच तडकलेली असते, दादा. कोपरा असतोच असं नाही.

विरावान: मग काय करू? तुझ्या आईला मधोमध उभी करू? आणि तू? लोक तुला बघायला येतात. तुझी ती जांभळी कबाया चोळी, केसांतलं फूल, हसणं. आज सकाळीच बाईसाहेबांचा सुराबायाहून फोन होता. म्हणाल्या, मुलीचा चेहरा झाकेल असं काही नको, बाकी तिला काय हवं ते करू द्या.

सुतियारी: मग मला कोपऱ्यात टाका.

विरावान: काय?

सुतियारी: टपाल तिकिटाएवढी करा मला. ज्यांना ऐकू येतं त्यांना मी दिसले नाही तरी चालतं, त्यांच्यासाठी आवाज आहे. ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी या सगळ्यात काय आहे? माझी कबाया?

विरावान: अगं, डोकं फिरलंय का तुझं?

सुतियारी: आईनं माझं एकही गाणं ऐकलेलं नाही. स्पीकरवर तळहात ठेवायची आणि म्हणायची, मांजर घुरघुरतंय. बस्स. पहिल्यांदाच असं काही निघतंय जे तिला बघता येईल, आणि त्यातही ती कोपऱ्यात?

विरावान: आणि कंपनी नाही म्हणाली तर?

सुतियारी: तर नवी दोन गाणी मी गात नाही. जुन्यांना चित्रं लावा आणि माझ्याशिवाय काढा वाढीव आवृत्ती. बघा किती वाढते.

विरावान: ही धमकी झाली.

सुतियारी: हो.

विरावान: निदान नाही तरी म्हण गं. रीत म्हणून.

आई: भांडताय का?

सुतियारी: नाही, आई.

आई: तुझी मान ताठ झाली आहे. भांड. पण मला एक सांग, मी त्याच्यासाठी कशाला तोंड फिरवू? त्याला म्हणावं, कॅमेरा उचल आणि माझ्या समोर आण. त्याला पाय आहेत ना.

सुतियारी: ऐका, दादा. आई म्हणते, मी फिरणार नाही. कॅमेरा फिरवा.

विरावान: तिकडे भिंत आहे! कॅमेरा काय स्कूटरवाल्याच्या दुकानात ठेवू?

आई: भिंतीचं काय म्हणतोय?

सुतियारी: तिकडे जागा नाही, म्हणतोय.

आई: नाहीच आहे. त्याला नीट समजाव. इथून माझी नदी तिकडे, घर तिकडे, गोठा तिकडे, तुझी बस गेली तो रस्ताही तिकडे. अख्खं गाव या एका भिंतीत कोंबलंय. अंगणात उभी असते तेव्हा नदी या हाताला, रस्ता त्या हाताला. इथून सांगितलं तर तुझा मामा म्हणेल, बस नदीत पडली.

सुतियारी: दादा, ती म्हणते, इथून गावातलं सगळं एकाच दिशेला येतं. बघणाऱ्याला नदी कुठली, रस्ता कुठला, कळणार नाही. हे अंगणातूनच सांगता येईल.

विरावान: म्हणजे हे सगळं सामान डोंगरापलीकडे न्यायचं. दिवे, पडदे, माणसं. वाटेतल्या तळ्यापाशी धुकं असतं ते वेगळंच. आणि तिथे गेल्यावर तुमचे कोंबडे ओरडणार.

सुतियारी: ओरडू द्या. निम्म्या गावाला ते ऐकू येत नाहीत.

विरावान: तू हसवू नकोस मला. मी वैतागलोय.

आई: सुती, अजून एक अडचण आहे. गाण्यात तू लिहिलंयस, आई नदीकाठी थोडा वेळ उभी राहिली आणि घरी गेली. थोडा वेळ म्हणजे काय?

सुतियारी: म्हणजे... थोडा वेळ.

आई: असं हातांनी म्हणता येत नाही. मला सूर्य कुठेतरी ठेवावा लागतो. तू शहरात गाणं शिकायला निघालीस तेव्हा सूर्य इथे होता, नारळीच्या खाली. मी घरी गेले तेव्हा कुठे होता?

सुतियारी: तिथेच असेल. किंचित वर. मी बसच्या मागच्या काचेतून बघत होते. वळण आलं आणि तू दिसेनाशी झालीस. तेवढंच लिहिलं मी.

आई: वळण तुझ्या बसला आलं. मला कुठे आलं?

सुतियारी: म्हणजे?

आई: नारळीच्या खाली होता. मग इथे आला. मग डोक्यावर. तुझा मामा भात घेऊन आला, मी खाल्ला नाही. मग इकडे कलला. गाई आपल्या आपण घरी गेल्या. मग इथे, पाण्याला टेकला. तेव्हा मी वळले.

विरावान: आत्ता काय म्हणाली?

सुतियारी: थांबा, दादा. डोळे पुसू द्या.

विरावान: सुती? हात वर नेला आणि इतका सावकाश खाली आणला. सकाळ झाली, दुपार झाली, मग मावळलं. असंच ना?

सुतियारी: असंच.

विरावान: मला कळलं हे.

सुतियारी: मला नव्हतं कळलं. मी थोडा वेळ लिहिलं.

आई: रडतेस कशाला? मी काही मेले नाही तिथे. गाणं दुरुस्त कर.

सुतियारी: दादा, ते कडवं मी बदलणार आहे. पुन्हा गाईन.

विरावान: अगं, ते कडवं सगळ्या बेटाला पाठ आहे. लग्नात पोरी गातात.

सुतियारी: नवं पाठ करतील. आवृत्ती वाढीव आहे ना? मग हे वाढवा.

विरावान: बाईसाहेबांना काय सांगू मी?

सुतियारी: सांगा, गायिका ऐकत नाही आणि तिची आई तर त्याहून ऐकत नाही.

विरावान: ऐकत नाहीच ती. बरं. सामान बांधा रे, दिवे उतरवा. उद्या डोंगरापलीकडे जायचंय. आईला सांग, साहेबांनी मान्य केलं. थांब, मीच सांगतो. हे असं ना? कमरेपाशी हात, आणि असं वर... ती हसतेय का? सुती, ती का हसतेय?

सुतियारी: नंतर सांगते, दादा. तुमची पॅन्ट नीट करा.

आई: तयार झाला का तो?

सुतियारी: झाला. उद्या अंगणात. तू मधोमध, आणि मी कोपऱ्यात, एवढीशी.

आई: कोपऱ्यात कशाला? त्याला म्हणावं, सकाळी बस सुटते तेव्हा सुरू कर आणि सूर्य पाण्याला टेकेपर्यंत कॅमेरा हलवू नको. आणि या वेळी तू माझ्याजवळ उभी राहा. बघ, दिवस किती मोठा असतो.