मंगळावरची ड्रायव्हर आणि मागचा बंपर

...हो, मागचाच बंपर, पेट्रोसकाका. पुढून मी कुणाला ठोकत नाही, तेवढं शिक्षण झालंय माझं. शेजारणीचं लिंबाचं झाड. नाही हो, झाड कसलं मध्ये येतंय, चाळीस वर्षं तिथेच आहे ते. गाडी सांगत होती, मागे काहीतरी आहे, पीं पीं करून – पण मला सवयच अशी लागलीये ना, काही वाजलं की वाटतं ही वीस मिनिटांपूर्वीची बातमी, आता घाई करून काय उपयोग. हसा, हसा. तुमच्या गॅरेजचा अर्धा धंदा माझ्यावर चालतो.

काम? गाडी चालवते. खरंच. मंगळावर – त्या डोंगराखालच्या ऑफिसात खुर्चीवर बसून. जुनिपर नाव तिचं. सहा चाकं, एक हात, पाठीवर उन्हाच्या पाट्या, त्यांच्याच विजेवर चालते. तिथून इथे निरोप यायलाच वीस मिनिटं लागतात. वेग विचारू नका, कासव पुढे जाईल. आम्ही सकाळी हुकूम लिहून पाठवायचे – इतकं सरळ जा, इतकं वळ – आणि घरी जाऊन जेवायचं. पोचली की नाही, ते दुसऱ्या दिवशी फोटो आला की कळणार. नऊ वर्षं चालवतेय, तिला ओरखडा नाही. आणि इथे, पासाडेनात, लिंबाचं झाड.

तुम्ही बघा तो पत्रा, मी आपली बोलते. घड्याळ? हो, तिसऱ्यांदा बघितलं. साडेअकराची वाट बघतेय. खरं तर तिथेच असायला हवं होतं मी – आज शेवटचं ऐकणं आहे. जुनिपर पाच महिने गप्प आहे, तिकडे हिवाळा, ऊन पुरत नाही, झोपलीये. आता ऊन वाढलंय. उठायची असेल तर साडेअकराला हाक देईल. नाहीतर बारा वाजता केक. हो, केक – निरोपाचा. वेन्डेल, आमचा साहेब, त्याने कालच आणून फ्रिजमध्ये ठेवलाय. वर साखरेची छोटी गाडी, चार चाकांची. ते मात्र मी ऐकवलं त्याला.

पळून आले असं नाही हां. बंपर पडला असता रस्त्यात. म्हणजे – आलेच पळून, काय लपवायचं.

आमच्यात एक पद्धत आहे. समोर दगड दिसला की पाळीवरच्या माणसाने त्याला नाव द्यायचं. मग काय, भुकेल्या माणसांची नावं – ‘करपलेला पाव’, ‘तमाले’, ‘कालच्या बीन्स’. हिवाळ्याच्या तोंडाशी एक दगड आला – बुटका, रुंद खांद्यांचा, एका बाजूला कललेला. मी लिहिलं, ‘युसेबियो’. माझे पापा हो. गाडी त्यांनीच शिकवली मला, त्यांच्या जुन्या ट्रकवर – रिव्हर्स शिकवायचं राहिलं, ते तुम्ही बघताच आहात. मार्चमध्ये गेले. दगडाला नाव दिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी जुनिपरला तिथून निघायचं होतं, उन्हाकडे कललेल्या उतारावर, हिवाळा काढायला. आणि मी लिहिलं – मागचं उजवं चाक तापतंय, एक दिवस थांबू. चाक गार होतं, काका. चांगलं थंडगार. दिवसभर ती त्या दगडावर हात ठेवून बसली. मीच बसवली. तिसऱ्या दिवशी निघाली तर वाटेत धुळीचं वादळ. तेवढा एक दिवस आधी निघाली असती, तर पोचली असती.

हे वेन्डेललासुद्धा सांगितलेलं नाही मी. त्याला वाटतं वादळ, नशीब. तुम्हाला का सांगितलं कोण जाणे – तुम्ही मान वर करत नाही, म्हणून असेल. आता केली. करू नका. अकरा एकोणचाळीस झाले. नऊ मिनिटं वर गेली, म्हणजे...

थांबा, फोन. तोच आहे. हॅलो, वेन्डेल, एका दमात सांग. – हं. – हाक दिली? किती वाजता? – परत सांग. – रडत नाहीये मी, इथे रंगाचा वास आहे. – केक कापू नका, मी आल्यावर कापा. आणि वेन्डेल, मला एक सांगायचंय तुला, चाकाबद्दल. – नाही रे, केकवरच्या नाही.

चावी द्या, काका. बंपर राहू दे, दोरीने बांधलाय तेवढा पुरे. नंतर येते, येईनच, माझं काय. फक्त तुम्ही जरा तिकडे व्हा – तिथे नाही, भिंतीपाशी. अजून मागे.

मी रिव्हर्स घेतेय.