उमेदवाराला कशात टाकू?

…नाही, मला एक सांगा, लोकसभेला उभं राहिलेलं माणूस म्हणजे काय पिझ्झा आहे? नाही ना? मग त्याला 'डिलिव्हरी'त का टाकायचं? थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा उगाच पेटलाय. मी नाही हो, पेटली होती ती रक्षिता! आपल्या जयनगरच्या संताजींची मुलगी. घराणं साडेतीनशे वर्षं बेंगळुरात, घरात मराठी, पण चौथ्या शब्दाला कन्नडातलं 'सरी', म्हणजे आपलं 'बरं', आल्याशिवाय वाक्य पुढं सरकत नाही असं मराठी. ही पोरगी वकील. जमीनजुमल्याची नव्हे, टेक्नॉलॉजीची! तुमचा फोन नंबर कुठल्या कंपनीनं कुणाला पोचवला, तुमचा चेहरा कुठल्या कॅमेऱ्यानं साठवला, यावर बारा वर्षं कोर्टात भांडतेय. भांडून भांडून तिला कळलं की कायद्यालाच भोकं आहेत, आणि ती बुजवायची तर दिल्लीत बसायला पाहिजे. भरला अर्ज! अपक्ष! संताजी म्हणाले, "अगं, स्वल्प विचार कर." तर म्हणते, "अप्पा, बारा वर्षं तोच केला."

सरी. प्रचाराचा पहिला रविवार, बेळ्ळंदूर. तिथली ती सोसायटी… सोसायटी कसली, गावच उभं करून ठेवलंय! अकरा टॉवर, चार हजार मतदार. रक्षिताच्या हातात पत्रकं, 'तुमचा नंबर तुमचा, तुमचा चेहरा तुमचा', मागं घाम पुसत संताजी आणि मी. आणि गेटवर नंदकिशोर नावाचा गार्ड, हातात टॅब.

"मॅडम, नाम, नंबर, फोटो."

ही म्हणाली, मी उमेदवार आहे. त्यानं टॅबवर बोट वर नेलं, खाली आणलं, परत वर नेलं. "मॅडम, इसमें उमेदवार नहीं है. डिलिव्हरी है, कॅब है, मेड है, प्लंबर है, गेस्ट है. आपको किसमें डालूं?"

"गेस्टमध्ये टाका."

"किसके घर?"

"सगळ्यांच्या!"

"सबके घर का ऑप्शन नहीं है, मॅडम."

आता तुम्हीच सांगा, माणसानं चिडायचं नाही तर काय करायचं?

आणि फोटो तर ती देणारच नव्हती! बारा वर्षं ज्याच्यावर भांडली तेच गेटावर देऊन आत जायचं? ती तिथंच उभी राहून त्याला कायदा समजवायला लागली. मागं डिलिव्हरीवाल्यांची रांग, पीं पीं पीं हॉर्न, आणि तेवढ्यात आले असोसिएशनचे सेक्रेटरी कृष्णमूर्ती, अर्ध्या चड्डीत, बगलेत बॅडमिंटनची रॅकेट. "मॅडम, रूल म्हणजे रूल. सेफ्टी आहे." हिनं विचारलं, सेफ्टी सरी, पण हे सगळ्यांचे नंबर, फोटो तुम्ही ठेवता कुठं? कृष्णमूर्तींनी रॅकेट वर केली. आकाशाकडे! "क्लाउडमध्ये!" अहो, जसा काय ह्यांचा तिथं माळा आहे!

हे चालू असतानाच मोठ्या पक्षाच्या उमेदवाराची स्वारी आली. चौदा गाड्या. मी म्हटलं, आता बघू, ह्यांना कशात टाकतात! कशात टाकतात? गेटची दांडी वर! टॅब काखेत, नंदकिशोरचा सलाम, आणि कृष्णमूर्तींनी रॅकेट संताजींच्या हातात दिली, हो, संताजींच्याच! आणि कुठून तरी शाल काढली. रक्षिता सरळ पहिल्या गाडीच्या पुढ्यात जाऊन उभी. "ह्यांचा नंबर घ्या! ह्यांचा फोटो काढा!" नंदकिशोर बिचारा हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, इनको कौन पूछेगा?" तेवढ्यात गाडीची काच खाली आली, आतून दोन हात जोडून बाहेर आले, आणि हिच्याच हातात पत्रक! "अक्का, ह्या वेळी मत आम्हालाच हं!"

तुम्हीच सांगा! चिडायचं नाही तर काय करायचं?

संताजींनी तिला हाताला धरून बाजूला ओढली. रागानं डोळ्यांत पाणी आलेलं. म्हणाली, "अप्पा, हे मला आत घेत नाहीत, तर जे रोज आत जातात त्यांच्याशी बोलते." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मागच्या फाटकावर हजर. तिथं दोनशे बायका रांगेत. स्वयंपाकवाल्या, झाडूपोछावाल्या. एकेक पुढं जाते, भिंतीवरच्या मशीनला तोंड दाखवते, हिरवा दिवा लागला की आत. त्यात एक सोयराबाई, भिंतीला टेकून बसलेली. तिनं सांगितलं, "अक्का, दाताचं ऑपरेशन झालं, गाल सुजला. मशीन म्हणतंय ही सोयराबाई नव्हेच. चार दिवस रोज येतेय, रोज लाल दिवा. एका घरनं दुसरी बाई ठेवली पण."

"तू गार्डला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की! तो मला सात वर्षं ओळखतोय. म्हणाला, मौसी, मैं पहचानता हूं, मशीन नहीं पहचानती."

बस्स! रक्षिता प्रचार विसरली. प्रचाराचे अठरा दिवस उरलेले, लोक रोड शो करतात, ही नोटीस लिहीत बसली! असोसिएशनला नोटीस, मशीनच्या कंपनीला नोटीस. पान पान भरून, असली कडक की कृष्णमूर्तींचं बॅडमिंटन बंद! आणि रोज सकाळी साडेसहाला फाटकावर उभी राहून बायकांना सांगतेय, तुमचं तोंड तुमचं आहे, कुणी हक्कानं मागत असेल तर का म्हणून विचारा. चौदाव्या दिवशी काय झालं असेल? मशीन उतरवलं! भिंतीवर चार भोकं राहिली फक्त. सोयराबाईला ते कामाचं घर परत मिळालं. बायकांनी असा आरडाओरडा केला, रक्षिताला उचलून घेतली, "अक्का, मत तुलाच! आमच्या सगळ्यांचं तुलाच!"

संताजींनी आनंदानं वही काढली, कुणाचं बूथ कुठलं लिहून घेऊ म्हणून. "तुझं मत कुठं गं सोयराबाई?"

"होसकोट्यात."

"तुझं?"

"रायचूर."

"आणि तुझं?"

"ओडिशा, अण्णा."

दोनशे बायकांत ह्या मतदारसंघातल्या किती? नऊ! ज्यांना हिला मत द्यायचंय त्यांना इथं मत नाही, आणि ज्यांना इथं मत आहे ते दांडीच्या पलीकडे! संताजींनी वही मिटली, म्हणाले, "अर्ज भरायच्या आधी हे कुणीच कसं सांगितलं नाही?" रक्षितानं उरलेली पत्रकं पिशवीत कोंबली.

आणि मतदान शुक्रवारी! शनिवार-रविवार जोडून. सकाळी सहाला अकरा टॉवरांतनं गाड्या निघाल्या, मडिकेरीकडे, डोंगरातल्या थंड हवेला, बर्फाच्या पेट्याबिट्या घेऊन. निकाल? हिला दोन हजार एकशे सात. नोटाला त्याच्या तिप्पट. म्हणजे 'कुणीच नको' हा उमेदवार हिच्यापेक्षा बरा ठरला! चिडायचं नाही तर…

जाऊ दे. ती म्हणाली, झालं ते झालं, परत कोर्टात जाते. पण दुसऱ्या दिवसापासनं जे फोन सुरू झाले! कर्ज घेता का, विमा काढता का, केस गळतात का, दिवसाला तीस-चाळीस. हिचा नंबर! जो बारा वर्षांत हिनं दुकानदाराला दिला नाही, तो! शेवटी एकाला धरलंच. म्हणाली, मी वकील आहे, माझा नंबर कुणी दिला ते सांग, नाहीतर उद्या कोर्टात उभा करते.

पलीकडचा पोरगा घाबरला नाही की काही नाही. अगदी आदरानं म्हणाला, "मॅडम, उमेदवारीच्या प्रतिज्ञापत्रात आहे. सरकारी वेबसाइटवर. पहिल्याच पानावर नंबर, खाली तुमची सही."

तिनं उघडून बघितलं. सही तिचीच होती. मग काय करणार? विचारलं त्याला, "बोल बाबा, कर्ज किती टक्क्यानं?"