मेंडोलिन आणि अर्धं बोट

...आणि वर तो मिस्त्री मलाच विचारतो, "बाय, ही घोडी कोनी चिकटवली?" कोणी म्हणजे? मी! या वनमाला काशीराम परबने, या दोन हातांनी, काजूपाड्याच्या चाळीत, स्टोव्हवर सरस वितळवून चिकटवली, अठरा वर्षं झाली, जागची हलली नाही! कुणाला विचारलं? कुणालाच नाही!

तुम्हाला घोडी म्हणजे काय ते ठाऊक नसेल, म्हणून सांगते. मेंडोलिनच्या पोटावर लाकडाची एक एवढीशी पट्टी असते, तिच्यावर आठही तारा टेकलेल्या असतात, ती घोडी. ती नुसती ठेवलेली असते हो, तारांच्या दाबाने उभी राहते, हे मला कोण सांगणार होतं? मी एकदा जुन्या तारा काढल्या, गंजल्या होत्या, आठच्या आठ एकदम काढल्या, तर ही बया टुणकन माझ्या मांडीवर! म्हटलं, हिची पडायची खोड कायमची घालवते. डोळ्याने अंदाज घेतला, जिथे शोभून दिसली तिथे चिकटवली. शोभून दिसली! आता हसायला येतं... नाही, हसायला नाही येत, खोटं कशाला सांगू.

मुळात हे वाद्य आमच्या घरात आलं कसं? आमचे हे गिरणीत होते, त्यांच्या खात्यात गोव्याचा एक फिटर होता, तो नोकरी सोडून गावी निघाला, सामान जास्त झालं म्हणून मेंडोलिन ह्यांच्या हातात ठेवून गेला. ह्यांनी काय करावं? भिंतीच्या खुंटीला टांगलं आणि त्याच्यावर आपली टोपी अडकवायला लागले! दोन वर्षं टोपी! मग एका दुपारी मी टोपी बाजूला केली आणि तार छेडली. बस्स. रेडिओ लावायचा, ऐकायचं, बोटाने शोधायचं. बोटांना फोड आले, फुटले, घट्टे पडले, त्या घट्ट्यांवर मी गरम तवा उचलत असे. वाजवायला चकती लागते, ती मी साबणाच्या डबीच्या झाकणातून कापून काढली. कुणाला विचारलं? कुणालाच नाही! आणि त्याच मेंडोलिनवर चाळीतल्या अकरा बायकांचं दत्ताचं भजनी मंडळ उभं केलं. दर गुरुवारी. कुणाला सा कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. मी सूर द्यायचा, त्यांनी तो उचलायचा. पेटी नाही, पेटीवाला नाही, मी!

अशी अठरा वर्षं सुखात गेली, पुढेही गेली असती, पण आमच्या सेक्रेटरीबाईंना, रत्नप्रभाला, हुक्की आली. "काकी, आपण किती दिवस चाळीतच म्हणायचं? घाटकोपरला महिला भजनांची स्पर्धा आहे, नाव देऊ या ना!" दिलं. गेलो. सगळ्या मोतिया रंगाच्या साड्या नेसून गेलो. आणि परीक्षकाने काय शेरा लिहावा? रत्नप्रभाने तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला, तिला काय, तिचा आवाजच तसा आहे, तुमची बाजारातली यादीसुद्धा ती नाट्यगृहात वाचल्यासारखी वाचते... "साथीचे तंतुवाद्य सुरात नाही. त्याचा गायनावर परिणाम."

सुरात नाही!

मी म्हटलं, त्याच्या कानात मळ असेल. बायका म्हणाल्या, असेल. पण पुढच्या वर्षी पुन्हा नाव द्यायची वेळ आली, तेव्हा रत्नप्रभा पदराशी चाळा करत म्हणाली, "काकी, राग मानू नका हां, यंदा आपण नुसत्या टाळांवर म्हटलं तर?" कळलं तुम्हाला? मी उभं केलेलं मंडळ, आणि मलाच 'नुसत्या टाळांवर'! मी म्हटलं, रत्नप्रभा, स्पर्धेला दोन महिने आहेत, मी मेंडोलिन मिस्त्रीला दाखवते, तुझा तो सूर की काय तो त्याच्यात घालून आणते, आणि मग बघू कोण टाळ कुटतं ते.

माहिती काढली. सगळ्यांनी एकच नाव सांगितलं, गोराईचा इनास मिस्त्री. चर्चची व्हायोलिनं, बँडवाल्यांची वाद्यं, सगळं त्याच्याकडे. जन्मात पहिल्यांदा मी कुणाला तरी विचारायला निघाले, तुम्हाला सांगते, पहिल्यांदा! मेंडोलिनला जुन्या परकराची पिशवी शिवलेली, ती छातीशी धरून होडीत बसले. शेजारचा कोळी विचारतो, "मावशी, दुधी एवढा मोठा कुठनं गावला?" मी पिशवी आणखी घट्ट धरली. होडीवाला ओरडतो, "ओ मावशी, पोराच्या डोक्यावर पदर घ्या, पाणी उडतंय!" मी पदर घेतला. काय करू? पोराच्या नाही, पण पाणी तर उडत होतं ना!

इनास मिस्त्रीची ओटी म्हणजे... वर वाशांना व्हायोलिनं टांगलेली, सुकत घातलेल्या बोंबलांसारखी ओळीने. खाली कोंबड्या. मधे हा, सत्तरीचा, चष्म्याला एका बाजूने दोरा बांधलेला. मेंडोलिन मांडीवर घेतलं, डोळ्यासमोर बंदुकीसारखं धरलं आणि दांडीवरून नजर टाकली. म्हणतो, "बाय, तारा आनी दांडी यांच्यामधनं उंदीर जाईल." म्हटलं, गेला नाही अजून. "तुमी हे दाबता कसं?" मी बोटं दाखवली. त्याने घट्टे बघितले आणि चष्मा काढून पुन्हा घातला. मला वाटलं, आदराने. आता वाटतं, कीव आली असेल.

मग त्याने दोरा काढला. शिवणाचा साधा दोरा हो! एक टोक दांडीच्या वरच्या टोकाला, जिथून तार सुटते तिथे धरलं, दुसरं बाराव्या पडद्यावर, म्हणजे दांडीवरच्या बाराव्या आडव्या पितळी पट्टीवर. "हा बारावा पडदा तारेच्या बरोबर मधे पायजे, बाय. इकडं जेवडं, तिकडं तेवडं." तेवढाच दोरा मग त्याने पडद्यापासून घोडीकडे ताणला. दोरा संपला... आणि घोडी आली नाही. अर्धं बोट! माझी घोडी अर्धं बोट खाली! त्याने ते अर्धं बोट मला दाखवलं आणि तेव्हा विचारलं, ती घोडी कोणी चिकटवली म्हणून. मी सांगितलं. तर म्हणतो, "मग बाय, ह्याच्यावर दाबलेला एकपन सूर जागेवर नाय. सगळे उतरलेले. अठरा वर्सं."

मी उठले तिथून. म्हटलं, दोऱ्याला काय कळतं? माझा कान आहे! त्यावर तो "आठ दिसांनी या" एवढंच म्हणाला.

आठ दिवस घरात भिंतीला ती खुंटी नुसती. आमच्या ह्यांनी दुसऱ्या दिवशी तिला टोपी अडकवली, गिरण्या बंद पडल्यापासून टोपी घालून जायचं कुठे, हा प्रश्न वेगळा. मी काढून फेकली.

आठव्या दिवशी गेले. तुम्हाला सांगते, कामाला नाव ठेवायला जागा नाही! जुना सरस गरम सुरीने सोडवलेला, खाली लाकडाला ओरखडा नाही. पडदे घासून एकसारखे. तारा दांडीच्या जवळ अशा आलेल्या की नुसतं बोट ठेवलं की सूर. वरच्या टोकाला नवी पांढरी पट्टी बसवलेली, म्हटलं ही कशाची? म्हणतो, "हाडाची." कुणाच्या? "बैलाच्या." म्हटलं, अरे देवा, दत्ताच्या भजनाला बैलाचं हाड? तर म्हातारा म्हणतो, "मग पखवाजाला काय लावता, बाय? केळीचं पान?" गप्प बसले. पहिल्यांदाच कुणीतरी मला गप्प बसवलं, आणि दुसऱ्यांदा बसवायला त्याला फार वेळ लागला नाही.

कारण मग त्याने वाजवलं. आणि मी ओरडले, "बेसूर केलंत! वाट लावलीत की हो माझ्या मेंडोलिनची!"

तो उठला. आत गेला, चर्चच्या गाणाऱ्या पोरांची पेटी होती दुरुस्तीला आलेली, ती घेऊन आला. पेटीचा एक सूर, मेंडोलिनचा तोच सूर. दोन्ही एकमेकांत असे मिसळले, दुधात साखर. दुसरा सूर. तसाच. तिसरा. मला प्रत्येक सूर चढा वाटतोय, आणि पेटी म्हणतेय, बरोबर. मग मला म्हणतो, "बाय, तुमी गावा. सा मी देतो, तुमी पंचम लावा." मी लावला. चाळीत त्या पंचमावर बायका डोळे मिटतात! त्याने पेटीवर पंचम दाबला...

खाली होता माझा. थोडासाच. पण खाली.

म्हणजे काय झालं, कळतंय का तुम्हाला? अठरा वर्षं मी वाद्य ऐकून कान तयार केला. आणि वाद्य अर्धं बोट चुकलेलं. मेंडोलिन दुरुस्त होऊन आलं हो, पण कानाची घोडी कुठला मिस्त्री सरकवणार? आणि कुणाला विचारलं होतं? ...कुणालाच नाही.

आणि त्या म्हाताऱ्याने चार शिव्या घातल्या असत्या तर मी दहा दिल्या असत्या, बरं वाटलं असतं. तो खाली मान घालून कानस पुसत बसला, पुसलेलीच कानस पुन्हा पुसत. बायकोला म्हणाला, "बायला पेज दे गो." पेज! इतकं वाईट तोंड झालं असेल माझं.

घरी येऊन ह्यांच्यासमोर वाजवलं. म्हटलं, कसं वाटतं? हे गिरणीत तीस वर्षं सांच्यांच्या, म्हणजे मागांच्या, आवाजात काढलेले, ह्यांना अर्ध्या गोष्टी ऐकूच येत नाहीत. तरी म्हणतात, "पयल्यासारख्यां नाय वाटणा." म्हटलं, पहिल्यासारखं म्हणजे कसं? "पयलां तुझां वाटायचां."

गुरुवारी मंडळ बसलं. मी सूर धरला, बायकांनी उचलला, उचलला म्हणजे, जिथे आपला असतो तिथेच ठेवला! वर मेंडोलिन, खाली अकरा बायका, मधे अर्ध्या बोटाचा खड्डा, आणि त्या खड्ड्यात बिचारे दत्तगुरू. पहिलं कडवं संपायच्या आत सगळ्या थांबल्या. "ओ काकी, काय केलं हो त्या मेल्याने?" "पार बिघडवलं!" "चांगलं होतं की आपलं!" आणि सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, की आता काकी त्या मिस्त्रीच्या सात पिढ्या उद्धरणार.

तोंडावर आलं होतं हो. फक्त 'हो' म्हणायचं होतं. होय गं बायांनो, त्याने बिघडवलं. इनास मिस्त्री खाडीपलीकडे, त्याला काय कळतंय? माझं नाव राहिलं असतं. पण मग डोळ्यासमोर तो दोरा आला. आणि ती पुसलेली कानस.

मी मेंडोलिन खाली ठेवलं आणि म्हटलं, "त्याने नाही बिघडवलं. हे बरोबर आहे. चुकलेल्या आपण आहोत. म्हणजे मी. मी तुम्हाला अठरा वर्षं चुकीचा सूर दिला."

तुम्हाला वाटलं असेल, बायका रडल्या असतील, चिडल्या असतील. चिडल्या असत्या तर मला चाललं असतं! हसल्या! "काहीतरीच काय काकी!" "तुमचा कान म्हणजे कान आहे!" "तो पाव खाणारा, त्याला भजनातलं काय कळतंय?" "तुम्हीच सांगता ना, बाहेरच्याचं ऐकायचं नाही!" मी ओरडून सांगतेय की मी चुकले, आणि त्या मला समजावतायत की तुम्ही चुकूच शकत नाही! माझ्याच हातच्या, माझ्यासारख्याच घडल्या मेल्या, एकीलाही सरकवता येईना! सरस पक्का होता ना.

शेवटी रत्नप्रभाने माझ्या पाठीवरून हात फिरवला. माझ्या! "काकी, मेंडोलिन बिघडलंय, तुम्ही नाही. जिवाला लावून घेऊ नका. यंदा नुसत्या टाळांवरच म्हणू. तुम्ही पहिल्या रांगेत उभ्या राहा, मधोमध."

राहिले. स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, सगळ्यांना स्टीलचा एकेक डबा. मिळणारच! साथीला काही नाही, आणि अकराच्या अकरा एकसारख्या उतरलेल्या, मग चूक कळणार कुणाला? परीक्षक मान डोलवत होता. बायका डोळे मिटून गात होत्या. त्या सभागृहात फक्त मला ऐकू येत होतं. आठ दिवस मिस्त्रीच्या ओटीवर जाऊन त्या पेटीजवळ कान नेला, महिनाभर नव्या तारा छेडल्या, आणि नेमका त्या दिवशी मला पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आला, माझा अठरा वर्षांचा पंचम, अकरा गळ्यांतून. मी टाळ जोरात वाजवला. टाळाचं एक बरं असतं, त्याला कुणी बेसूर म्हणत नाही.

आता दर गुरुवारी टाळ. आणि बाकीच्या दिवशी दुपारी दार लावून घेते, मेंडोलिन उतरवते आणि सा पासून सुरू करते. सा. रे. पुन्हा सा. एक सूर लागेपर्यंत पुढचा नाही. हात जुन्या जोराने दाबतो, तार किंचाळते, पुन्हा सा. चौसष्टाव्या वर्षी!

परवा शेजारची कमल नळावर भेटली, नवीनच आलीय चाळीत, हसून म्हणते, "काकी, तुम्ही शिकवण्या घेता काय? दुपारी कोणतरी येतं ना शिकायला? हात बसला नाही अजून बिचाऱ्याचा."

मी कळशी उचलली आणि म्हटलं, "येते गं एक म्हातारी. भारी हट्टी आहे, नको म्हटलं तरी येते."