गुंडी अजून उभीच आहे

हॅलो? … हॅलो, कोण? … अगं तू? नंबर वेगळा दिसतोय… मैत्रिणीचा? आणि तुझा फोन कुठंय? … चार्जिंग संपलं. नेहमीचंच. बरं बरं, ऐक… नाही, आधी रडू नकोस. तू रडायला लागलीस की मला काही सुचत नाही.

हो. बाबांनी सांगितलं ते खरं आहे. … हो, गुंडीच. अगं, आणखी कोण असणार? घरात एकच तर कुत्री उरलीये आता.

नाही, गेलेली नाही! आहे. माझ्यासमोरच आहे, टेबलावर उभी. … हो, उभी. कान विंचरतेय तिचे. … नाही नाही, थांब, उभी आहे म्हणजे बरी आहे असं धरून चालू नकोस. तेच तर सांगतेय… अगं ऐकून तर घेशील!

पोटात गाठ होती. ती फुटली. आज सकाळी. … आत रक्त साठतंय म्हणतात. मी हिरड्या बघितल्या, पांढऱ्याफटक पडल्यात. … ऑपरेशनचं विचारलं ना. विचारणार नाही का मी? तेरा वर्षांची आहे ती. आणि गाठ काही एकच नाही, लिव्हरवरही पसरलंय. टेबलावरच जाईल म्हणाल्या डॉक्टर. … त्यांच्या टेबलावर गं, आपल्या नाही.

डॉक्टर घरीच आल्यात. नवीन आहेत, तुझ्याच वयाच्या असतील. … मागच्या खोलीत आहोत. हो, तीच आपली, डॉग शोसाठी कुत्री तयार करायची खोली. तुझा तो कर्कश्श ड्रायरसुद्धा आहे अजून. टेबल तेच, त्याचा एक पाय तसाच डुगडुगतोय, खाली पुठ्ठा घातलाय बाबांनी.

उद्या सकाळी? … रात्रीची गाडी धरलीस तर किती वाजता पोचतेस? … साडेसात. … हो गं, कळतंय मला. … अगं, नाही म्हणणारी मी कोण? थांब, परत विचारते. डॉक्टर, मुलगी म्हणतेय उद्या साडेसातला पोचते, तोवर एखादं इंजेक्शन देऊन… … हं. … हं. …

ऐकू आलं? … नाही आलं? रात्र निघणार नाही म्हणतायत. आणि निघालीच, तर तिचे हाल बघवणार नाहीत कुणाला.

हॅलो? … आहेस ना? … बोल ना काहीतरी. शिव्या घाल हव्या तर.

कधीपासून म्हणजे… पंधरा दिवस झाले. … हो, पंधरा. … नाही कळवलं. चुकलं माझं. … अगं, काय कळवणार होते? खाणं कमी झालं होतं, एवढंच. आणि आपण बोलतो कधी? तुझ्या वाढदिवसाला बोललो ते शेवटचं, त्यातही निम्मा वेळ तू नुसती हं हं करत होतीस… भांडत नाहीये गं. खरंच नाही. आज नाही.

दाखवलं होतं ना! आपल्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडेच नेलं होतं. तिथंच सगळं चुकलं. ऐक, हे तुला सांगायलाच हवं, नाहीतर माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही.

त्यांच्याकडे उंच टेबल आहे, आठवतंय? त्यावर ठेवलं मी हिला. आणि ठेवल्याबरोबर बाईसाहेबांनी काय केलं असेल? … हो ना! चारी पाय बरोब्बर चौकोनात, मान वर, शेपूट सरळ. आणि माझाही हात आपसूक तिच्या हनुवटीखाली. सवय गं. तू चिडवायचीस ना, आई बाजारात भोपळा घेतला तरी त्याची हनुवटी धरून उभा करेल म्हणून… अगदी तस्सं. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं. इकडून, तिकडून, पार खोलवर. ही जागची हलली नाही. कानाचं टोकसुद्धा हललं नाही! ते म्हणाले, दुखत असतं तर एवढं दाबू दिलं असतं का? काही नाही, वय झालंय, हलकं खायला द्या.

आणि मला काय वाटलं माहितीये? … नाही, तुला नाही माहीत. मला अभिमान वाटला. शो सोडून पाच वर्षं झाली आणि बघा अजून कशी उभी राहते, असं घरी येऊन बाबांना रंगवून रंगवून सांगितलं मी. … तिला वाटलं, जज आहे. परका माणूस चाचपतोय, आईचा हात हनुवटीखाली आहे, म्हणजे हलायचं नाही. मीच शिकवलं होतं. दोन महिन्यांची होती तेव्हापासून. पंजा दाबला, दात उघडले, पोट चाचपलं, तरी हूं की चूं करायचं नाही. किती पिल्लं शिकवली मी आजवर, पण इतकं पक्कं एकही शिकलं नाही. … अगं, त्या गाठीवरच हात होता त्यांचा. बरोब्बर गाठीवर. आणि ही आपली उभी.

नको, तुझी चूक नाही असं म्हणू नकोस. ते बाबा म्हणतायत सकाळपासून. तू तरी नको. तूच सांगून गेली होतीस ना मला… आठवत नसेल. … आठवतंय? … हो, तेव्हाच. पंजात काच घुसली होती आणि ही अख्खी रिंग पळाली, जिंकली, आणि घरी आल्यावर पायपुसण्यावर रक्ताचे ठसे दिसले तुला. तू म्हणालीस, आई, तिला दुखलं तर तिनं सांगायचं कुणाला? आणि मी म्हटलं, तू तुझं बघ. … म्हटलं होतं गं. दारातच. तुझ्या हातात बॅग होती आणि माझ्या हातात तो जिंकलेला कप. कप काही मी खाली ठेवला नाही.

… असू दे. तूही काही कमी बोलली नव्हतीस. या घरात मुलीपेक्षा कुत्र्यांचे केस जास्त वेळा विंचरले जातात म्हणालीस. … खरंच होतं ते. म्हणून तर लागलं.

बाबा? बाबा बाहेर पायरीवर बसलेत. मधेच आत येतात, डॉक्टरांना चहा घेणार का विचारतात आणि जातात. तिसऱ्यांदा विचारून झालं, चहाचा काही पत्ता नाही. … हो ना. तेही हादरलेत.

टेबलावर का म्हणजे? … काय सांगू तुला. डॉक्टर म्हणाल्या, थोडा वेळ तुम्ही दोघी बसा, निरोप घ्या. आणि निरोप घ्यायचा म्हणजे करायचं काय, तेच मला कळेना. लोक कुशीत घेतात, बोलतात, काय काय करतात. मी कंगवा शोधला. उचलून टेबलावर ठेवलं आणि लागले विंचरायला, मूर्खासारखी. कॉकर कुत्र्यांचे लोंबते कान तुला माहितीयेतच, चार दिवस हात लावला नाही की जटा होतात. डाव्या कानामागे हा एवढा गुंता होता. तो सोडवला. मग बघितलं तर… तर मागचे दोन्ही पाय थरथरतायत गं. आणि मान वर.

नाही येत खाली घेता. … अगं, उचलायचं म्हटलं की पोटाखालीच हात जातो ना! मघाशी उचललं तेव्हा तोंडातून ब्र काढला नाही तिनं, पण डोळे असे झाले… नको, सांगत नाही. डॉक्टर म्हणाल्या, आता हलवू नका, आहे तिथंच आडवी होऊ दे, मग मी शेवटची सुई लावते. आणि ही काही आडवी होत नाही. … बसतही नाही. … सगळं करून झालं! गोधडी घातली, थोपटलं, बस म्हटलं, झोप म्हटलं. हनुवटीखालचा हात काढला तर आणखीच ताठ झाली. तिला वाटतंय, मी लांबून बघतेय कशी दिसते ते.

बस कुठून कळणार तिला? शोच्या कुत्र्याला बसायला शिकवतं का कुणी? रिंगमधे बसकण मारली की गेला नंबर. नाहीच शिकवलं. आणि शो संपले, पाच वर्षं घरात नुसती लोळत होती, तरी मला सुचलं नाही गं, की आता हिला बसायला शिकवावं.

… काय? … काय म्हणालीस? परत सांग. … सुट्टी?

… अगं हो. … हो गं! कशी विसरले मी. शाळेतून यायचीस, दप्तर भिरकवायचीस आणि दारातूनच ओरडायचीस, सुट्टी! की ही टेबलावर धाडकन आडवी, चारी पाय वर. … हो, आणि मी कंगवा घेऊन तुझ्या मागे! तासभर केस वाळवून सरळ करावेत आणि तुमच्या एका सुट्टीनं सगळा बट्ट्याबोळ.

… मी? मी कशी म्हणेन? मी कधी म्हटलंच नाही ते. काम झालं की मी उचलून खाली ठेवायचे, तेवढीच सुट्टी माझ्याकडची. … बरं, बघते म्हणून. गुंडे… सुट्टी. … सुट्टी गं बाळा. … सुट्टी! … अंहं. … माझ्याकडे बघतच नाहीये. दाराकडे बघतेय. … अगं, खरंच सांगते, शब्द ओळखला तिनं. तुला शोधतेय.

तू म्हण. … हो, फोनवरून. कानाशी धरते तिच्या. … नाही म्हणू नकोस. … ऐक. ऐक माझं. मी काय मागतेय ते कळतंय मला. … हो. आडवी झाली की डॉक्टर लगेच… हो. … अगं, असं मनात आणू नकोस! तिचं जे व्हायचं ते त्या गाठीनं कधीच केलंय. तू फक्त तिला टेकू दे जरा. कधीची उभी आहे ती. माझ्यासाठी उभी आहे, आणि मला तिला सोडवता येत नाहीये. … मला येत नाही गं ते. तुलाच येतं.

… घे, तेवढा वेळ घे. मैत्रीण आहे ना जवळ? … तिचा हात धर. मी थांबते. फक्त फार नको… तिचे पाय नाही थांबायचे.

… बरं. … बरं. डॉक्टर, मुलगी बोलणार आहे तिच्याशी. … हो, फोनवर. अहो! आत या. अहो, चहा राहू द्या, आत या ना! … आले बाबा. … नाही हसत कुणी. डॉक्टरांचेच डोळे भरलेत इथं. हे बघ, मी कान उचलून धरलाय, फोन अगदी जवळ आहे. आणि रडक्या आवाजात नको, तिला कळणार नाही. दप्तर टाकून कशी म्हणायचीस, तशी म्हण. जमेल? … म्हण.

…

शेपूट हलली! अगं शेपूट हलवली तिनं! म्हण, परत म्हण!

…

बसली. … बसली गं, मागून बसली… आता पुढचे… हां, हळू, हळू माझ्या बाई… झाली. आडवी झाली. … नाही, पाय वर नाही केले, तेवढी ताकद कुठली. पण पोट दाखवतेय. … हो, सगळे केस विस्कटले. विस्कटू देत.

तू थांबू नकोस. डॉक्टर पाय धरतायत तिचा. बाबांनी डोकं मांडीवर… नाही, हातात घेतलंय. तू बोल. काहीही बोल. तेच म्हणत राहा, आवडतंय तिला.

…

हो, आहे मी. मोठा श्वास घेतला एक. … बोल तू.

…

…

हं, डॉक्टर. … हो. … हो.

…

…

अगं. … अगं ऐक. … ऐक ना, बाळा, थांब आता. … नको म्हणूस आता. … झालं गं. मघाशीच झालं.

… हो, मघाशीच. … मीच थांबवलं नाही तुला. … काय करू? सहा वर्षांनी या खोलीत तू अशी हसून ओरडत होतीस. मला थांबवता येईना.

… रड. आता रड. … हो, मीही. … ये तू. ती नसली तरी ये. … साडेसातला बाबा येतील स्टेशनवर. … नाही, बाबा नको, मीच येते. … हो, मी. … ठेव आता, दुसऱ्याचा फोन आहे तो. … ठेवते.