खाटेवरचे दोन ठोके

देवीसाठी काढून ठेवलेल्या मासळीचा तुकडा मी चोरून खाल्ला आणि त्याचा काटा माझ्या जिभेखाली रुतला. गोष्ट एवढीच हाय, बाकी सगळा तिचा पसारा.

मी काशीदच्या किनाऱ्यावरचा कोळी, बाप गेल्यावर सासऱ्याच्या होडीवर राबलो. सासरे तांडेल, म्हणजे होडी त्यांची नि हुकूमपण त्यांचा. नारळी पुनवेनंतर पहिल्या फेरीत जी सगळ्यात मोठी मासळी मिळेल ती आमच्यात गावदेवीची, ती शिजवून देवीला दाखवल्याबिगर होडीवरचा कोणी तिला तोंड लावत न्हाय. त्या साली जिताडा मिळाला, हातभर लांब. माझी बायको हिरा, तांडेलाची लेक, तिनं कालवण करून चुलीपाशी झाकून ठेवलं आणि ती फुलं आणायला गेली. काय सांगू तुम्हाला, वास असा की देवीनंसुद्धा वाट बघितली नसती. मी तुकडा तोंडात टाकला, तेवढ्यात पावलं वाजली, म्हणून चावतो कशाला, गिळायलाच गेलो.

दुसऱ्या दिवशी हनुवटीखाली गाठ. दाढ दुखते म्हणून सांगितलं आणि डोईचा रुमाल गालफडाला बांधला. चौथ्या दिवशी मान लाकडागत टणक, जीभ टाळूला टेकलेली, लाळ गळते ती थांबत न्हाय. हिरा बापाला म्हणाली, बाबा, ह्ये दोन दिस गप हायेत, ह्यो आजार साधा न्हाय. सासऱ्यांनी आधी भगत आणला. भगतानं विचारलं, देवीचं काय चुकलंय का रं तुझं? सगळे माझ्याकडं बघत होते. व्हय म्हणावं तर होडीवरनं उतरवतील. मान हलवायला गेलो तर ती हलेना, मग हातानंच न्हाय म्हटलं.

आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून डोलकाठीला बसवून बांधलं आणि मला अलिबागच्या दवाखान्यात नेला. श्वास असा वाजायचा की फुटक्या शंखात कोणी फुंकतंय. सासरे वल्हं मारता मारता देवीला सांगत होते, आय, जावई माझा निर्दोष हाय, त्याला राख, दरसाल दोन मासळ्या देईन. तवा मात्र कबूल करावं वाटलं, तर तोंड उघडेना.

डॉक्टरांनी जागेपणीच हनुवटीखाली चीर दिली. पू असा आला की मला धरणाऱ्यानं तोंड फिरवलं. पुवात काटा. डॉक्टरांनी तो वाटीत घालून सासऱ्यांपुढं धरला. सासरे बघत राहिले आणि म्हणाले, जिताडा. बस. पुढं मरेपर्यंत त्यांनी तो विषय काढला न्हाय, आणि तेच मला जड गेलं.

शेजारच्या खाटेवर मुरुडकडचे खलाशी होते, कासमचाचा. नाकाशेजारची पुळी त्यांनी आरशात बघून पिळली होती. आता सगळा चेहरा सुजून दोन्ही डोळे मिटलेले, अंग तापानं भाजत होतं. त्यांना दिसत न्हाय, मला बोलता येत न्हाय, जोडी चांगली जमली. ते विचारायचे, भाई, हाय का रे तू? मी खाटेच्या लोखंडावर दोन ठोके मारायचो. मग म्हणायचे, अल्हमदुलिल्ला, म्हणजे मी पण हाय. असं दिवसभर.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी विचारलं तवा माझा नुकता डोळा लागत होता. ऐकलं मी. मनात म्हटलं, आत्ताच तर ठोकलं, पुढल्या वेळी बघू. थोड्या वेळानं परत विचारलं, हळू, हाय का रे तू? मी झोपेचं सोंग घेतलं. मग विचारलंच न्हाय. दिवस मावळायला त्यांच्या तोंडावर चादर ओढली. डॉक्टर म्हणाले, विष मेंदूत गेलं होतं, कोणाच्या हातात काही नव्हतं. माझ्या हातात दोन ठोके होते. जाताना चाचांना वाटलं असेल, आपल्या आधी हा गेला.

आता गळ्याखालची चीर दाढीत झाकते, पण ते विचारणं कानातनं जात न्हाय. होडीत ऐकू येतं, जाळं विणताना येतं, आणि मी हाताशी जे लाकूड असेल त्यावर दोनदा ठोकतो. कालही जेवून पडलो होतो, तसंच झालं, खाटेवर ठोकलं. हिरा भांडी घासत होती, तिला मी चोरीचं नि चाचांचं सगळं कवाच सांगितलंय. वर न बघता म्हणाली, चोरून खायला हात कसा झटकन गेला, आणि दोन ठोक्यांना तेवढा जड झाला.