पाठीवरच्या टिचक्या

बरकतपुऱ्यातल्या दवाखान्यात लसीसाठी थांबलो होतो. मागच्या बाकावर सासू-सून होत्या, बाळ सुनेच्या खांद्यावर.

"ऋजुता, रविवारच्या कॅरम स्पर्धेत तुझं नाव देऊन आले."

"अहो आई, मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर नक्को म्हणाली असतीस."

"वर्षभर स्ट्रायकरला हात लावलेला नाही. मला आता फक्त डायपर बदलता येतो."

"मग अगस्त्यला झोपवताना काय करतेस?"

"थोपटते."

"थोपटत नाहीस. त्याच्या पाठीवर टिचक्या मारतेस. डोळे बारीक करून, नेम धरून. रोज बघते मी."

"अय्या, खरंच? लागत असेल का हो त्याला?"

"काय परेशान होतेस! काल तू आंघोळीला गेलीस तेव्हा मी किती थोपटलं. साहेब टक्क जागे. मग मीही टिचक्या मारून बघितल्या."

"झोपला?"

"कुठला! रडायला लागला. माझा हात कच्चा आहे, त्याला कळतं."

"...रविवारी किती वाजता?"

"दहाला. आणि आत्ता थांबू नकोस, डोळा लागतोय त्याचा."