मागचा बाक

दातांच्या दवाखान्यात कंपाउंडर नंबर लिहीत होता, कान मात्र बाकावर. तिथे नवी मुख्याध्यापिका आणि त्याच शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक.

"सर, सोमवारी राजीनामा देते. नळ, बस, पालक, परिपत्रकं... जीव मेटाकुटीला आला."

"सहावीत किती पोरांना वाचता येत नाही?"

"अहवाल बघून सांगते."

"अहवाल खोटा असतो गं. वर्गात कधी बसलीस?"

"वेळ कुठंय?"

"मग तू नळवाली झालीस. मुख्याध्यापिका झालीच नाहीस, तर राजीनामा कसला देतेस?"

"तुम्ही बसायचात?"

"शेवटच्या वर्षी बसलो. मागच्या बाकावर."

"मग?"

"वाचता न येणारी चौदा पोरं निघाली. त्याआधीच्या एकवीस वर्षांतली कुणी मोजायची?"

कंपाउंडरने नंबर दोनदा पुकारला. दोघांपैकी कुणीच उठलं नाही.